पाण्याच्या पातळीवरून: फेनलंडच्या अभ्यासाची प्रस्तावना

मराठीत ‘फेन’ म्हणजे फेस. लाटेच्या माथ्यावर येतो, किनाऱ्याला लागला की विरून जातो. इंग्लंडच्या पूर्वेकडे याच उच्चाराचा एक शब्द आहे, पण तो दलदलीसाठी वापरतात: काळी, जड, पाण्याने गच्च भिजलेली जमीन. या दोन शब्दांचं एकमेकांशी काही नातं नाही, निव्वळ उच्चाराचा योगायोग. तरी या विषयात काही वर्षं घालवल्यावर मला तो योगायोग आवडायला लागला आहे. कारण तिकडचं फेनही विरतं. त्याला तीन-चारशे वर्षं लागतात इतकंच, आणि ते किती विरलं याचा हिशेब एका लोखंडी खांबावर मोजता येतो.

खांबापाशी आपण येऊच. आधी नकाशा. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ‘वॉश’ नावाचा एक उथळ, चौकोनी उपसागर जमिनीत शिरलेला दिसतो. विदम, वेलंड, नीन आणि ग्रेट ऊझ या चार नद्या त्याला मिळतात. त्यांच्या मुखांमागचा, उत्तरेला लिंकनपासून दक्षिणेला केंब्रिजच्या वेशीपर्यंत पसरलेला सुमारे ४,००० चौरस किलोमीटरचा सपाट मुलूख म्हणजे फेन्स किंवा फेनलंड. समुद्राकडचा पट्टा गाळाचा, आतला पीटचा. पाण्याखाली अर्धवट कुजत हजारो वर्षं साचलेल्या बोरू-लव्हाळ्यांची जी माती होते, ती पीट. मुठीत घेतली तर चहाच्या चोथ्यासारखी लागते, वाळवली तर चुलीत जळते. आज तिथे गहू, बटाटे, शुगरबीट, सेलरी असलं भरघोस पीक निघतं, आणि ही जमीन इंग्लंडातल्या सर्वांत कसदार जमिनींपैकी मानली जाते. तिचा मोठा भाग भरतीच्या पातळीच्या खाली आहे. पंप चालतात म्हणून ती जमीन आहे.

या मुलखाचा अभ्यास अनेक शास्त्रांच्या सीमेवर बसतो. भूगर्भशास्त्र, पुरातत्त्व, जलअभियांत्रिकी, जमीनधाऱ्याचा इतिहास, परागकणांचा अभ्यास, दंगलींचा इतिहास, पक्षिशास्त्र. नवख्या वाचकाला कुठल्या दारातून आत यावं ते कळत नाही. माझ्या मते खरं दार पाण्यावर आहे. म्हणून या प्रस्तावनेत मी तुम्हाला एका बोटीवरून घेऊन जाणार आहे, आणि तीही अगदी हळू चालणारी.

नॅरोबोट ही फेनची मूळची बोट नव्हे, हे सुरुवातीलाच कबूल केलेलं बरं. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली याने इंग्लंडच्या मध्यभागात कालवे खोदले. पाणी आणि पैसा वाचवण्यासाठी, बोटी एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे लॉक जेमतेम सात फूट रुंद ठेवले. त्यात बसेल अशी, रुंदीला सात फुटांहून किंचित कमी आणि लांबीला सत्तर फुटांपर्यंत जाणारी बोट म्हणजे नॅरोबोट. फेनमध्ये माल वाहायच्या त्या लायटर: आखूड, रुंद, पाच-पाच एकामागे एक बांधलेल्या, काठावरून घोड्याने ओढलेल्या. शेताच्या हद्दीवरचे आडवे कुंपणाचे वासे दोरासकट उडी मारून ओलांडायला हे घोडे शिकवलेले असत. काठ बदलायची वेळ आली की त्यांना पलीकडे न्यायला शेवटी एक छोटी होडीही जोडलेली असे. लायटर गेल्या, घोडे गेले. आता लोक मध्य इंग्लंडच्या कालव्यांतून नॉर्थॅम्पटनजवळ नीन नदीत उतरतात आणि तिच्यावरून फेनमध्ये येतात. या नदीचं नाव नॉर्थॅम्पटनला ‘नेन’ आणि खाली पीटरबरोला ‘नीन’. वाटेत ते कुठे बदलतं यावर तिथले लोक एकमत होऊ देत नाहीत.

आमची बोट एका मित्राची, सत्तावन्न फुटी. वेग तासाला पाच-सहा किलोमीटर, म्हणजे काठावरून कुत्रं फिरवणारा माणूस आपल्या बरोबरीने सहज चालतो. पीटरबरोजवळ स्टॅनग्राउंडच्या लॉकमधून आम्ही नीन सोडली आणि ‘मिडल लेव्हल’ नावाच्या जलमार्गांच्या जाळ्यात शिरलो. तिथून सॉल्टर्स लोडपर्यंत चाळीसएक किलोमीटर. गाडीने तासाभराचं अंतर, आम्ही अडीच दिवस घेतले.

पहिल्या दिवशी माझी निराशा झाली. फेनचं अफाट आकाश, क्षितिजापर्यंत सपाट शेतं असं सगळं वाचून गेलो होतो, आणि बोटीतून दिसत होते ते दोन्ही बाजूंचे गवताळ बांध, वर आकाशाची एक पट्टी, मधूनच एखादा बगळा. आपण गटारातून चाललोय की काय, असं मी बोलूनही गेलो. मित्राने शांतपणे सांगितलं, की हो, गटारच आहे. इथे त्याला ‘ड्रेन’ म्हणतात आणि त्यात कमीपणा मानत नाहीत. व्हिटल्सी गावात हे ड्रेन दोन भिंतींच्या मधून काटकोनात वळतं. त्या वळणावर आमच्या बोटीची नाळ एका भिंतीला आणि मागचं टोक दुसऱ्या भिंतीला टेकलं. मी सुकाणूचा दांडा घाबरून चुकीच्या बाजूला दाबला होता. दांडा डावीकडे दाबला की बोट उजवीकडे वळते, हे डोक्याला कळतं, हाताला कळायला एक दिवस जातो. काठावरच्या घराच्या खिडकीतून एका आजींनी बघितलं, कपातला चहा संपवला आणि पडदा ओढला. असले देखावे त्यांना रोजचेच असावेत.

दुसऱ्या दिवशी मार्च नावाच्या गावावरून (आम्ही तिथे सप्टेंबरात होतो, हा विनोद तिथे करू नये) पुढे गेलो. तिथल्या सेंट वेंड्रेडाच्या चर्चमध्ये ओकच्या छताला शंभराहून अधिक लाकडी देवदूत पंख पसरून लटकले आहेत. ते पाहून मान दुखायला लागल्यावर परत बोटीवर आलो. मग अपवेल आणि आउटवेल ही जोडगावं, आणि त्यांच्यानंतर वेल क्रीक. इथे काहीतरी बदललं. बांध खाली गेले. बोटीच्या छतावर बसलो तर शेतं दिसायला लागली, आणि ती आमच्या खाली होती. ट्रॅक्टरचं टप आमच्या गुडघ्यांच्या पातळीवर. कालपर्यंत आम्ही जमिनीच्या खालून चाललो होतो, आज वरून, आणि मध्ये आम्ही ना डोंगर चढलो ना घाट.

मग मलिकोर्ट आलं. या ठिकाणी वेल क्रीकचं पाणी एका पुलावरून जातं, आणि पुलाखालून काटकोनात दुसरं पाणी वाहतं: मिडल लेव्हल मेन ड्रेन, रुंद, सरळ, नजर पोचेपर्यंत एका रेषेत. बोट पुलाच्या मध्यावर आली तेव्हा मित्राने इंजिन बंद केलं. वाऱ्याने बोट दगडी कठड्याला हलकेच टेकली. खाली वाकून बघितलं तर काही मीटर खाली काळसर पाणी समुद्राच्या दिशेने सरकत होतं. आमच्या खालचं पाणी जुनी नदी, ती पूर्वीच्याच पातळीवर. त्याच्या खालचं पाणी १८४० च्या दशकात माणसांनी खोदलेलं. जुनं वर आणि नवं खाली, हे कोणत्याही पुरातत्त्वज्ञाला चक्रावून टाकणारं आहे. उत्खननात जसजसं खाली जावं तसतसं जुनं सापडतं, इथे उलट. का, हे ज्याला कळलं त्याला फेनलंडच्या अभ्यासाचा निम्मा भाग कळला. माझ्यापुरता तो तिथे, कठड्याला टेकलेल्या बोटीत कळला.

पाणी काढलं की पीट बसतं. आधी त्यातलं पाणी जातं आणि ते चेपलं जातं. मग त्यात हवा शिरते, हजारो वर्षं पाण्याखाली न कुजलेलं आता कुजायला लागतं, आणि माती अक्षरशः कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जाते. उरलेली कोरडी भुकटी वसंतातला वारा उचलून नेतो. तिथले लोक त्याला ‘फेन ब्लो’ म्हणतात, आणि त्या दिवशी भरदुपारी दिवे लावून गाडी चालवावी लागते. साधारण वर्षाला एक-दोन सेंटिमीटर जमीन अशी नाहीशी होते. समुद्राकडचा गाळाचा पट्टा मात्र फारसा बसत नाही. त्यामुळे आतलं पीट खाली, समुद्राकाठचा गाळ वर, आणि नद्या आपल्या बांधांत जिथल्या तिथे. शेतातलं पाणी नदीत जायला हवं, पण नदी शेताच्या डोक्यावर. मग पाणी उचलावं लागतं, म्हणजे आणखी काढावं लागतं, म्हणजे जमीन आणखी बसते.

आता तो खांब. व्हिटल्सी मिअर हे दक्षिण इंग्लंडातलं सर्वांत मोठं सरोवर १८५१ च्या सुमारास उपसून कोरडं केलं. त्यासाठी वापरलेला ॲपोल्डचा सेंट्रिफ्यूगल पंप त्याच वर्षीच्या लंडनच्या महाप्रदर्शनात गाजला होता. शेजारच्या होम फेनमध्ये एक ओतीव लोखंडी खांब जमिनीत खोल पुरला आणि त्याचा माथा जमिनीशी बरोबर ठेवला. पहिल्या दहा वर्षांतच जमीन जवळजवळ दीड मीटर खाली गेली. आज खांबाचा माथा जमिनीपासून सुमारे चार मीटर वर आहे. मी हात वर करून उडी मारली, माथ्यापर्यंत पोचलो नाही. भोवती आता बर्चचं दाट रान आहे, जमीन पावलागणिक थोडी दबते, आणि तो भाग समुद्रसपाटीच्या जवळजवळ पावणेतीन मीटर खाली आहे. ब्रिटनमधली ही सर्वांत सखल जमीन.

या सगळ्याची सुरुवात कुठून धरायची हा अभ्यासकांच्या भांडणाचा जुना विषय आहे. पाठ्यपुस्तकी उत्तर असं: १६३० च्या सुमारास बेडफर्डचा चौथा अर्ल फ्रान्सिस रसेल याने तेरा भांडवलदार जमवले आणि झीलंडचा डच अभियंता कॉर्नेलियस व्हर्मायडन याला काम दिलं. एरिथपासून डेनव्हरच्या परिसरापर्यंत ३३-३४ किलोमीटर लांबीची, आखणीपट्टी ठेवून काढल्यासारखी सरळ नदी १६३७ पर्यंत खोदली. ती ओल्ड बेडफर्ड. यादवी युद्धानंतर १६५१ मध्ये तिला समांतर न्यू बेडफर्ड. दोहोंमधला पट्टा पुराचं पाणी साठवायला मोकळा सोडला. हिवाळ्यात तिथे अजूनही तळं होतं आणि उत्तरेकडून हजारो हंस येऊन उतरतात. अर्लला आणि त्याच्या साथीदारांना मोबदला म्हणून ९५,००० एकर जमीन मिळायची होती. खोदाईला मजूर कमी पडले तेव्हा डनबारच्या लढाईतले स्कॉटिश कैदी आणि नंतर डच युद्धकैदीही कामाला जुंपले.

त्या भांडवलदारांना ‘ॲडव्हेंचरर’ म्हणत. आज या शब्दाने डोळ्यांसमोर गिर्यारोहक येतो, पण तेव्हा त्याचा अर्थ स्वतःचा पैसा धोक्यात घालणारा माणूस. ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांनाही हाच शब्द होता, आणि काळही तोच. भारतीय वाचकाने हा धागा हातातून सुटू देऊ नये. जी जमीन ‘पडीक’ ठरवायची, जिचे जुने वापरकर्ते ‘आळशी’ ठरवायचे, मग कंपनी काढून, मोजणीदार पाठवून तिचे तुकडे पाडायचे, ही रीत साहेबाने आपल्याकडे आणण्याआधी घरच्या अंगणात गिरवली होती. फेनच्या चिखलातल्या या राजकारणावर जेम्स बॉइसचं ‘इम्पीरिअल मड’ (२०२०) हे पुस्तक आहे. काही ठिकाणी ते आवेशाच्या भरात फार पुढे जातं असं मला वाटतं, पण ते टाळून पुढे जाता येत नाही.

कारण ती जमीन पडीक नव्हतीच. पाणी हिवाळ्यात चढायचं, उन्हाळ्यात उतरायचं आणि मागे हिरवंगार कुरण ठेवून जायचं. गावकऱ्यांचे तिथे सामाईक हक्क होते: गुरं चारण्याचे, बोरू कापण्याचे, सरपणासाठी पीट काढण्याचे, पाखरं आणि मासे धरण्याचे. ईल हा आपल्याकडच्या वाम-अहीर यांच्या जातकुळीतला, सापासारखा मासा. तो इथे इतका, की मध्ययुगात खंडणी आणि भाडी ईलमध्ये मोजत. रॅमझीच्या मठाने बांधकामाच्या दगडाच्या बदल्यात पीटरबरोच्या मठाला दरवर्षी लेंटच्या उपासाच्या काळात ४,००० ईल द्यायचे, असा करार होता. ईली या गावाचं नावही ईलवरूनच पडलं, असं आठव्या शतकात बीड या इंग्रज इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. हे सगळं सुकवायला आलेल्या माणसांचं स्वागत गावकऱ्यांनी बांध फोडून केलं. त्या दंगलखोरांना पुढे ‘फेन टायगर’ हे नाव चिकटलं. ऑलिव्हर क्रॉमवेल तेव्हा ईलीत राहत होता. गाईमागे एक ग्रोट (चार पेन्सचं नाणं) दिला तर निचरा करणाऱ्यांना पाच वर्षं कोर्टात अडकवून ठेवीन, असं त्याने गावकऱ्यांना सांगितल्याची बोलवा होती. सत्ता हातात आल्यावर त्याच्याच राजवटीत निचरा पुरा झाला. राजकारणी माणसाबद्दल यात नवल वाटण्यासारखं काही नाही.

या विषयाचं पहिलं मोठं पुस्तक विल्यम डगडेलचं, १६६२ चं, आणि ते निचऱ्याच्या कारभाऱ्यांच्या आश्रयाखाली लिहिलेलं. ते वाचताना एवढं लक्षात ठेवावं. विसाव्या शतकात एच. सी. डार्बी याने १९४० मध्ये ‘द मिडीव्हल फेनलँड’ आणि ‘द ड्रेनिंग ऑफ द फेन्स’ ही दोन पुस्तकं एकाच वर्षी काढली. अजूनही पाया त्यांचाच आहे. डार्बी भूगोलतज्ज्ञ होता. कोणत्या वर्षी कुठला बांध, कुठलं दार, कुठली पवनचक्की हे त्याच्याइतकं नेमकं कोणी सांगत नाही. माणसं मात्र त्याच्याकडे क्वचितच बोलतात. ती बोलतात कीथ लिंडलीच्या दंगलींवरच्या १९८२ च्या अभ्यासात, आणि अगदी वेगळ्या रीतीने मेरी चेंबरलेनच्या ‘फेनविमेन’मध्ये. १९७५ मध्ये आलेलं हे पुस्तक म्हणजे फेनमधल्या एका खेड्यातल्या बायकांनी सांगितलेल्या हकिगती. विरागो या स्त्रीवादी प्रकाशनसंस्थेचं ते पहिलंच पुस्तक. नवख्या वाचकाने या दोन टोकांपासून, म्हणजे डार्बी आणि चेंबरलेन यांच्यापासून सुरुवात करावी असं मी सांगेन. एकाच शेताचं एकजण वरून चित्र काढतो आणि दुसरी त्याच शेतात वाकून बटाटे वेचणाऱ्या बाईला विचारते.

पण मला या क्षेत्रात ओढून घेतलं ते एका शब्दाने: रॉडन. पूर्वी भरतीचं पाणी खाड्यांमधून आत यायचं आणि खाडीच्या तळाशी, काठाशी गाळ टाकायचं. ती खाडी मेली. भोवतालचं पीट बसत गेलं. गाळ बसला नाही. परिणाम असा, की आज काळ्याभोर शेतातून फिकट मातीचा एक उंचवटा साप सरपटल्यासारखा वळणं घेत जातो, आणि तो म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच्या नदीचं पात्र. नदी वर, काठ खाली. घरं या उंचवट्यावर बांधतात, कारण तिथली जमीन खचत नाही. पीटवर बांधलेली घरं दारू प्यायल्यासारखी कलतात. शेतकऱ्यांना हे उंचवटे ठाऊक होतेच. ते काय आहेत हे शास्त्राच्या भाषेत मांडलं ते मेजर गॉर्डन फाउलर याने, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला. हा माणूस प्राध्यापक नव्हता. ईलीच्या साखर कारखान्यात वाहतूक सांभाळायचा, म्हणजे बीटने भरलेल्या बोटी वेळेवर पोचवणं हे त्याचं काम. आपल्याकडे साखर कारखान्यातला एखादा वाहतूक अधिकारी ऊसगाड्यांची वाट बघताना लुप्त नद्या शोधतोय असं चित्र डोळ्यांपुढे आणा. १९३२ मध्ये केंब्रिजला स्थापन झालेल्या फेनलंड संशोधन समितीत त्याच्या जोडीला हॅरी गॉडविन होता. पीटच्या थरांत अडकलेले परागकण मोजून तिथे कधी कोणतं झाड होतं हे तो सांगायचा. हवाई छायाचित्रं, परागकण आणि बोटवाल्यांच्या तक्रारी एकाच टेबलावर आल्या, तेव्हा हे क्षेत्र खऱ्या अर्थाने उभं राहिलं.

त्या टेबलावर पुढे पुष्कळ भर पडली. पुरातत्त्वज्ञ फ्रान्सिस प्रायरला १९८२ मध्ये पीटरबरोजवळ फ्लॅग फेनचा कांस्ययुगातला लाकडी मार्ग सापडला. व्हिटल्सीजवळच्या मस्ट फार्मला, आमची बोट जिथे अडकली तिथून फार लांब नाही, इसवी सनापूर्वी नवव्या शतकातली पाण्यावर खांब रोवून बांधलेली घरं २०१५-१६ मध्ये उकरून काढली. ती जळून थेट पाण्यात कोसळली होती, त्यामुळे भांडी, कापड, सूत जसंच्या तसं राहिलं. नांगराला अधूनमधून काळे पडलेले ओक लागतात. २०१२ मध्ये सापडलेल्या अशाच एका सुमारे ५,००० वर्षं जुन्या ओकचं १३ मीटर लांबीचं टेबल २०२२ मध्ये ईलीच्या कॅथीड्रलमध्ये ठेवलं होतं. पीटमुळे हे सगळं टिकलं. पीट वाळेल तसं जाईल.

फेनच्या सपाटपणाने एकदा फार मोठ्या माणसाला गोत्यात आणलं. ती हकिगत सांगण्याचा मोह मला आवरत नाही. १८३८ मध्ये सॅम्युअल रोबॉथम नावाचा गृहस्थ ओल्ड बेडफर्डच्या पाण्यात उतरला. डोळे पाण्यापासून जेमतेम वीतभर वर ठेवून त्याने सहा मैलांपर्यंत दूर जाणारी होडी दुर्बिणीतून पाहिली. पृथ्वी गोल असती तर होडी दिसेनाशी व्हायला हवी होती. ती दिसत राहिली. झालं, पृथ्वी सपाट ठरली. पाण्यालगतच्या हवेच्या थरांत प्रकाश वाकतो, हे त्याने विचारात घेतलं नव्हतं. १८७० मध्ये त्याच्याच मताच्या जॉन हॅम्पडनने यावर ५०० पौंडांची पैज लावली, आणि ती स्वीकारली आल्फ्रेड रसेल वॉलेसने. डार्विनबरोबर नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडणारा तोच वॉलेस. तरुणपणी त्याने जमीनमोजणीचं काम केलं होतं. दोन टोकांना आणि बरोबर मध्ये पाण्यापासून सारख्या उंचीच्या खुणा ठेवून त्याने दाखवलं की मधली खूण वर उचललेली दिसते. ‘द फील्ड’ या नियतकालिकाचा संपादक पंच होता; त्याने वॉलेसला विजयी ठरवलं. हॅम्पडनने पुढे कित्येक वर्षं शिव्याशापांची पत्रं पाठवून त्याचा छळ केला, बदनामीबद्दल तुरुंगातही गेला, आणि शेवटी कोर्टाने पैजच बेकायदा ठरवल्यामुळे वॉलेसला पैसे परत द्यावे लागले. ओल्ड बेडफर्डच्या काठावर उभं राहिलं की रोबॉथमबद्दल जरा सहानुभूती वाटते. डोळ्यांना खरोखरच ते तसंच दिसतं.

मराठी वाचकाला हा मुलूख वाटतो तितका परका नाही. कॅम नदी ईलीच्या थोडं वर ऊझला मिळते, आणि त्या नदीवरचं केंब्रिज आपल्या ओळखीचं आहे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये तिथे सीनिअर रँग्लर झाले आणि महाराष्ट्रात जन्मभर ‘रँग्लर परांजपे’ राहिले. जयंत नारळीकरांचं ‘चार नगरांतले माझे विश्व’ वाचलेल्यांना त्या गावच्या गल्ल्याही माहीत आहेत. त्याच १८९९ साली, केंब्रिजपासून सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर, नॅशनल ट्रस्टने विकेन फेनचा पहिला तुकडा घेतला. न सुकवलेल्या फेनचा हा उरलेला अवशेष आता भोवतीच्या शेतांपेक्षा उंच आहे, कारण शेतं बसली आणि तो बसला नाही. तिथली पवनचक्की मुळात निचऱ्यासाठी बांधलेली. आता तीच चक्की पाणी आत आणून फेन ओलं ठेवते.

त्याहून जवळचं नातं कोकणाचं आणि गोव्याचं. अलिबाग-पेणच्या खारेपाटातल्या माणसाला बांध, खांड (बांधाला पडलेलं भगदाड), उघाडी (बांधातलं पाण्याचं दार) हे शब्द समजावून द्यावे लागत नाहीत. गोव्याच्या खाजणांत मानस नावाचं दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटतं आणि ओहोटीला उघडतं. डेनव्हरला १६५१ मध्ये जे दार बांधलं त्याचं तत्त्व हेच. १७१३ मध्ये ते फुटलं आणि पुढे जवळजवळ चार दशकं खारं पाणी आत धावत राहिलं. एका खांडीने काय होतं हे आपल्या बाजूला वेगळं सांगायला नको. फरकही आहेत, आणि तुलना करताना ते विसरू नयेत. आपली खाजणं खाडीच्या गाळाची आहेत, पीटची नव्हेत, त्यामुळे ती तशी विरत नाहीत. गोव्यात बांधांची निगा गांवकरीकडे, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेकडे होती आणि त्याच पाण्यात भात आणि मासळी दोन्ही निघायचं. फेनमध्ये कंपनीने मासळी घालवून धान्य आणलं. सामाईक हक्क कोणी आणि कसा मोडला, हे शोधायला या दोन किनाऱ्यांचा जोडीने अभ्यास व्हायला हवा. माझ्या माहितीत तो मराठीत कोणी केलेला नाही, आणि हे पुस्तक वाचून कोणी हाती घेतला तर मला आनंद होईल.

पुढच्या प्रकरणांत पवनचक्क्यांनंतर वाफ, वाफेनंतर डिझेल, डिझेलनंतर वीज असा पंपांचा क्रम येईल. तो मी इथे गाळतो, कारण तो पाण्याच्या पातळीच्या गोष्टीतला सर्वांत सरळ भाग आहे. मलिकोर्टला खाली दिसलेलं पाणी सेंट जर्मन्सच्या पंपघराकडे जातं. २०१० मध्ये सुरू झालेलं ते नवं पंपघर सेकंदाला सुमारे १०० घनमीटर पाणी उचलू शकतं, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. निचऱ्याच्या अधिकाऱ्यांशी बोलताना एक गोष्ट सारखी जाणवली: ते ‘पूर’ हा शब्द फार कमी वापरतात. ते ‘पातळी’ म्हणतात. कोणत्या महिन्यात पातळी किती ठेवायची, शेतकऱ्याला किती हवी, बोटवाल्याला किती, पक्ष्यांना किती, आणि वर्गणी कोणी भरायची. मध्ययुगातल्या मठांची भांडणंही यावरूनच झाली होती.

सॉल्टर्स लोडला मिडल लेव्हल संपतो. त्याच्या दारापलीकडे भरतीची नदी आहे, आणि डेनव्हरचं दार तिथून अर्ध्या मैलावर. हा अर्धा मैल सबंध प्रवासातला सर्वांत अवघड. दारातून बाहेर पडताच प्रवाह बोट आडवी करतो, समोर चिखलाचे उतार चकाकत असतात. लॉककीपरने आम्हाला दोन तास थांबवलं. तो घड्याळाकडे बघत नव्हता, दाराला लावलेल्या मोजपट्टीकडे बघत होता. मी विचारलं, अजून किती वेळ. तो म्हणाला, वेळ नाही, अजून चार इंच. मग हात केला, आणि आम्ही निघालो.

पलीकडे ऊझवरून ईलीचं कॅथीड्रल कितीतरी किलोमीटर आधीपासून दिसायला लागतं. लोक त्याला फेनचं जहाज म्हणतात. १३२२ मध्ये त्याचा मधला मनोरा कोसळला आणि त्याच्या जागी लाकडाचा अष्टकोनी ‘लँटर्न’ मनोरा उभा केला, तो संध्याकाळच्या उन्हात चमकत होता. पण कॅथीड्रलवर पुस्तकं भरपूर आहेत.

हे पुस्तक स्टॅनग्राउंडच्या लॉकपासून सुरू होतं आणि डेनव्हरला संपतं, आमच्या प्रवासाच्याच क्रमाने. ज्यांना वाचून झाल्यावर प्रत्यक्ष जावंसं वाटेल त्यांच्यासाठी एक सूचना: स्टॅनग्राउंडला आदल्या दिवशी फोन करून वेळ घ्यावी लागते, आणि व्हिटल्सीच्या वळणावर दांडा डावीकडे दाबायचा की उजवीकडे, ते आधीच ठरवून ठेवा.